मेमरी कोणी नाकारली?

मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस संगणकावर १९६०च्या दशकात आपलं गणित चालवून घ्यायचं असेल, तर आधी त्या कामाचं वर्णन लिहून द्यावं लागे. कामाचं नाव काय, उत्तर कुठे छापायचं, किती वेळ लागेल आणि मेमरीचे किती ब्लॉक लागतील, हे सगळं त्यात असे. काम सांगितल्यापेक्षा जास्त ब्लॉक मागू लागलं की ‘सुपरवायझर’ नावाचा देखरेखीचा प्रोग्रॅम ते थांबवी आणि कारण नोंदवी. वेळ संपल्याचा शेरा वेगळा, छपाई मर्यादेबाहेर गेल्याचा वेगळा, ब्लॉक जास्त झाल्याचा वेगळा.

युनिक्स किंवा लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या आजच्या माणसाला असा स्पष्ट शेरा क्वचित मिळतो. ‘मेमरी देता येत नाही’ एवढं एक वाक्य मिळतं, आणि पुष्कळदा तेही मिळत नाही. रात्री सुरू केलेली प्रोसेस सकाळी नाहीशी झालेली असते आणि तिची लॉग फाइल वाक्याच्या मध्येच तुटलेली असते. मग बैठकीत कोणीतरी म्हणतं, ‘मेमरी वाढवा.’ मेमरी वाढते, बिल वाढतं, आणि पुढच्या आठवड्यात प्रोसेस पुन्हा त्याच जागी पडते. कारण मेमरी संपलेलीच नसते. ती कोणीतरी नाकारलेली असते, आणि असा नकार देऊ शकणारे एका सर्व्हरवर किमान चार जण असतात. त्यांतल्या नेमक्या कोणी नकार दिला हे कळल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंदाजपंचे असतो.

हे चौघे कुठून आले ते समजायला मँचेस्टरमध्येच थोडं थांबावं लागेल. २१ जून १९४८ रोजी फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी बांधलेल्या ‘बेबी’ या यंत्रावर, मेमरीत साठवलेला पहिला प्रोग्रॅम चालला. त्या यंत्राची सगळी मेमरी ३२ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ३२ बिटचा. आजच्या मापात १२८ बाइट. एका मोठ्या संख्येचा सर्वांत मोठा विभाजक शोधायला तिला ५२ मिनिटं लागली. बेबीची चालती प्रतिकृती मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये आहे. त्या गावी गेलात तर ती अवश्य पाहा. मेमरीची टंचाई म्हणजे काय असते ते तिच्यासमोर उभं राहिल्यावर कळतं.

पुढच्या दहा वर्षांत मेमरी वाढली, पण भूक तिच्यापेक्षा जास्त वाढली. चुंबकीय कड्यांची कोअर मेमरी वेगवान होती पण फार महाग. फिरत्या ड्रमवरची मेमरी स्वस्त होती पण संथ. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागे की कुठला तुकडा कधी ड्रमवरून कोअरमध्ये आणायचा आणि कुठला परत पाठवायचा. गणित कमी आणि हमाली जास्त, अशी ती अवस्था होती. किलबर्न, डाय एडवर्ड्स, लॅनिगन आणि फ्रँक समनर यांनी ही हमाली यंत्राच्या गळ्यात घातली. १९६२ साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधात त्यांनी या पद्धतीला एकपातळी साठवण म्हटलं. जग आज तिला व्हर्च्युअल मेमरी म्हणून ओळखतं. फेरांटी कंपनीबरोबर बांधलेल्या ॲटलसचं उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या हस्ते झालं.

मँचेस्टरच्या ॲटलसमध्ये कोअर मेमरी १६,३८४ शब्दांची होती. शब्द ४८ बिटचा, म्हणजे एकूण ९६ किलोबाइट. ड्रमवर याच्या सहापट जागा. पण प्रोग्रॅमला दिसणारा पत्त्यांचा विस्तार सुमारे दहा लाख शब्दांचा होता. प्रत्यक्षात इतकी मेमरी त्या इमारतीत कुठेच नव्हती. प्रोग्रॅमने एखादा पत्ता मागितला की यंत्र पाही, तो पत्ता ज्या पानावर आहे ते पान कोअरमध्ये आहे का. असेल तर काम पुढे चाले. नसेल तर प्रोग्रॅम थांबे, सुपरवायझर ते पान ड्रमवरून आणी आणि प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे निघे. प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नसे. नव्या पानाला जागा हवी म्हणून कोअरमधलं एक पान नेहमी रिकामं ठेवलेलं असे, आणि कुठलं पान बाहेर पाठवायचं ते ठरवायला पानांच्या वापराचा मागोवा घेऊन शिकणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. पान ५१२ शब्दांचं, म्हणजे ३,०७२ बाइटचं. आजच्या बहुतेक सर्व्हरांवर ते ४,०९६ बाइटचं आहे. साठ वर्षांत मेमरी लाखो पटींनी वाढली आणि पान जवळपास तेवढंच राहिलं, याचं मला आजही नवल वाटतं.

या कल्पनेची किंमतही तिथेच दिसली. कोअरमधून शब्द वाचायला दोन मायक्रोसेकंदांचं चक्र लागे, तर ड्रमची एक फेरी बारा मिलिसेकंदांची. सहा हजार पटींचा फरक. पानांची ये-जा वाढली की यंत्र फक्त पानंच हलवत बसतं. अमेरिकेत पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेचा, थ्रॅशिंगचा, शास्त्रशुद्ध उलगडा केला. आजही सर्व्हर ‘अडकला’ असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा हेच घडत असतं. ‘व्हीएमस्टॅट’ चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे दोन स्तंभ पाहा. स्वॅपमधून किती पानं येताहेत आणि किती जाताहेत ते त्यांत दिसतं. दोन्ही सतत मोठे असतील तर मेमरी खरोखरच अपुरी आहे. स्वॅपमध्ये नुसतं काही पडून असणं हा आजार नाही. कर्नेलने निरुपयोगी पानं तिकडे ठेवली असतील तर ते चांगलंच आहे.

मँचेस्टरच्या त्या शोधामुळे प्रत्येक प्रोसेसचे दोन हिशेब झाले. एक तिला दिसणाऱ्या पत्त्यांचा, दुसरा तिच्या ताब्यातल्या खऱ्या मेमरीचा. ‘पीएस’ आणि ‘टॉप’ हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवतात. पहिला आभासी आकार, दुसरा निवासी आकार. मेमरीच्या तक्रारींतला अर्धा गोंधळ हे दोन आकडे एकच समजल्याने होतो. जावाच्या एखाद्या प्रोसेसचा आभासी आकार २० गिगाबाइट आणि निवासी आकार ३ गिगाबाइट असू शकतो, आणि त्यात काहीही चुकीचं नसतं. उलट डेटाबेसच्या तीस प्रोसेस एकच सामायिक मेमरी वापरत असतील, तर तिसांच्या निवासी आकारांची बेरीज सर्व्हरच्या मेमरीपेक्षाही जास्त येते. सामायिक पानं तीस वेळा मोजली गेलेली असतात. खरा वाटा हवा असेल तर लिनक्सवर प्रोसेसच्या ‘/प्रॉक’ फोल्डरमधली ‘एसमॅप्स-रोलअप’ ही फाइल वाचावी. सामायिक पान जितक्या प्रोसेस वापरतात तितक्यांत त्याची वाटणी करून काढलेला पीएसएस हा आकडा तिथे मिळतो.

आता आभासी मेमरी देताना कर्नेल किती उदार असावं? लिनक्स बरंच उदार आहे. प्रोसेस मागतात ती सगळी मेमरी त्या वापरत नाहीत, हा त्याचा अनुभव. लग्नघरी हजार जणांना आमंत्रण देऊन सहाशे पानांचाच स्वयंपाक करतात, तसा हा हिशेब. बहुतेक वेळा तो जमतो. ज्या दिवशी हजारही जण येतात, त्या दिवशी कर्नेलला कोणाला तरी पंगतीतून उठवावं लागतं. हे काम ओओएम किलर करतो. ही उदारता नको असणाऱ्यांसाठी लिनक्समध्ये काटेकोर हिशेबाची रीत आहे, आणि ती घडवण्यात वेल्समधल्या स्वान्सी इथे राहून वर्षानुवर्षं कर्नेलचं काम केलेल्या ॲलन कॉक्स यांचा मोठा हात आहे. ‘ओव्हरकमिट-मेमरी’ ही सेटिंग २ केली की कर्नेल ठरावीक रकमेपलीकडे वचनच देत नाही. ती रक्कम म्हणजे स्वॅप आणि मुख्य मेमरीचा ठरवलेला हिस्सा. तो मूळ सेटिंगमध्ये निम्मा असतो. ‘/प्रॉक/मेमइन्फो’मध्ये ‘कमिट-लिमिट’ आणि ‘कमिटेड-एएस’ या दोन ओळी पाहिल्या की किती वचन देता येतं आणि किती दिलं गेलंय ते कळतं. स्वॅप नसलेल्या ६४ गिगाबाइटच्या सर्व्हरवर ही सेटिंग २ असेल आणि हिस्सा बदललेला नसेल, तर ३२ गिगाबाइटच्या आसपास वचनं गेली की नकार सुरू होतात. मेमरी अर्धी रिकामी दिसते आणि तरी मिळत नाही, या कोड्याचं एक उत्तर हे आहे.

आता एक प्रसंग घेऊ. समजा, लंडनच्या पश्चिमेला स्लाउ इथल्या एका डेटा सेंटरमध्ये असाच ६४ गिगाबाइटचा सर्व्हर आहे. विमा कंपनीचा अहवाल तिथे रोज रात्री नऊ वाजता तयार होतो. तो सांभाळणारी टीम पुण्याला, हिंजवडीत. गेले तीन दिवस अहवाल अर्धवट राहतोय.

पहिला घोळ घड्याळाचा होतो आणि तो फार वेळ खातो. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. हिवाळ्यात तिथले रात्रीचे नऊ म्हणजे पुण्यात अडीच, उन्हाळ्यात दीड. पुष्कळ सर्व्हरांचे लॉग यूटीसीत असतात, म्हणजे उन्हाळ्यात तोच क्षण लॉगमध्ये आठ वाजताचा दिसतो. कर्नेलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ तर मुळात यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद दाखवते. तिला ‘टी’ हा पर्याय दिला तरच नेहमीची वेळ दिसते. चौकशीआधी सगळ्या नोंदी एकाच घड्याळावर आणल्या नाहीत, तर निरपराध प्रोसेसवर आळ येतो.

दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. प्रोसेसला मेमरी नाकारली गेली, की प्रोसेसलाच मारलं गेलं? नाकारली गेली असेल तर प्रोसेस ते सांगायला जिवंत असते. तिच्या स्वतःच्या लॉगमध्ये चूक क्रमांक १२, मेमरी देता येत नाही, अशी नोंद सापडते. मारली गेली असेल तर ती काहीच बोलत नाही. शेलकडे १३७ हा निर्गमनांक येतो: १२८ अधिक ९, म्हणजे नवव्या क्रमांकाच्या, न टाळता येणाऱ्या सिग्नलने मृत्यू. पण १३७ दिसला म्हणून लगेच मेमरीवर खापर फोडू नये. तोच सिग्नल एखादा माणूसही पाठवतो, किंवा बंद व्हायला उशीर लावणाऱ्या सेवेला सिस्टमडीही पाठवतो. साक्ष कर्नेलच्या लॉगमध्येच घ्यावी लागते. निर्गमनांक १३९ असेल तर प्रोसेस चुकीच्या पत्त्याला हात लावून कोसळलेली असते. त्यामागे पुष्कळदा प्रोग्रॅममधलाच दोष असतो, पण स्टॅकची मर्यादा ओलांडली गेल्यानेही असं होतं. लिनक्सवर स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ मेगाबाइट असते, आणि स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारणारं एखादं फंक्शन ती बघता बघता गाठतं.

मारली गेली असं ठरलं, तर कर्नेलच्या लॉगमधलं वाक्य शब्दशः वाचा. वाक्याच्या आरंभी नुसतं मेमरी संपल्याचं म्हटलं असेल, तर अख्ख्या यंत्राची मेमरी संपली. त्याआधी ‘मेमरी सीग्रुप’ हे शब्द असतील, तर यंत्रात मेमरी असूनही त्या प्रोसेसच्या गटाचं कुंपण संपलं. हा फरक दोन शब्दांचा आहे आणि उपाय पूर्णपणे वेगळे आहेत. पहिल्यात यंत्र, किंवा त्यावरची गर्दी, बदलावी लागते. दुसऱ्यात एक आकडा.

याच नोंदीत आणखी दोन नावं असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. ओओएम किलरला जाग आणणारी प्रोसेस एक, मारली गेलेली दुसरी. मारताना कर्नेल गुणांक लावतं आणि त्यात मेमरीचा वापर सर्वांत वजनदार असतो. त्यामुळे वर्षभर शहाण्यासारखा चालणारा डेटाबेस बळी जातो, आणि गेल्या तासाभरात बेफाम वाढलेली छोटी प्रोसेस सुटते. ‘ओओएम-स्कोअर-ॲडजस्ट’ या आकड्याने हा कल बदलता येतो. उणे १००० दिलं तर ती प्रोसेस किलरच्या तावडीबाहेर जाते. पण ते जपून वापरावं. सगळ्यांनाच अभय दिलं तर कर्नेलपुढे मारायला कोणीच उरत नाही.

नाकारली गेली असं ठरलं, तर प्रोसेसची स्वतःची मर्यादा तपासायची. प्रत्येक प्रोसेसवर अशा मर्यादा घालण्याची ‘सेटआरलिमिट’ ही सोय बर्कलीच्या १९८३ सालच्या ४.२बीएसडीमध्ये आली, आणि शेलमधून ती ‘युलिमिट’ने हाताळता येते. इथला मोठा सापळा असा की आपण स्वतः लॉगिन करून ‘युलिमिट’ चालवतो आणि उत्तर येतं ‘अमर्याद’. ते उत्तर आपल्या शेलचं असतं. मर्यादा प्रोसेसला तिच्या जन्मदात्याकडून मिळते, आणि क्रॉनने किंवा सिस्टमडीने जन्माला घातलेली प्रोसेस आपल्या शेलची संतती नसते. ‘लिमिट्स-डॉट-कॉन्फ’मध्ये लिहिलेले आकडे लॉगिनच्या वाटेने येणाऱ्यांना लागू होतात. सिस्टमडीच्या सेवा त्या वाटेने येतच नाहीत, त्यांच्या मर्यादा त्यांच्या युनिट फाइलमध्ये असतात. म्हणून विचारायचं तर प्रोसेसलाच विचारावं. तिच्या ‘/प्रॉक’ फोल्डरमधली ‘लिमिट्स’ ही फाइल उघडली की तिला या क्षणी लागू असलेली प्रत्येक मर्यादा दिसते, सौम्य आणि कडक दोन्ही. सौम्य मर्यादा प्रोसेस स्वतः कडक मर्यादेपर्यंत वाढवू शकते. कडक मर्यादा साध्या वापरकर्त्याने एकदा कमी केली की त्याला ती पुन्हा वाढवता येत नाही. चालू प्रोसेसची मर्यादा बदलायची झाली तर रूटकडे ‘पीआरलिमिट’ आहे, त्यासाठी सेवा बंद करावी लागत नाही.

या मर्यादांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. निवासी मेमरीवरची मर्यादा म्हणून ‘युलिमिट’ जो पर्याय दाखवतं, तो आजच्या लिनक्सवर काहीही करत नाही. २.४ मालिकेच्या उत्तरार्धापासून कर्नेल त्या आकड्याकडे पाहत नाही. तरी लोक तो भरतात आणि निश्चिंत होतात. आभासी आकारावरची मर्यादा मात्र खरोखर लागू होते, आणि नेमकी ती आधुनिक प्रोग्रॅमना जाचक ठरते. अनेक धाग्यांच्या, म्हणजे थ्रेडच्या, प्रोग्रॅममध्ये ग्लिबसी ही सी लायब्ररी धाग्यांसाठी वेगवेगळे मेमरीचे आखाडे उघडते. ६४ बिटच्या यंत्रावर त्यांची संख्या कोअरच्या आठपटीपर्यंत जाऊ शकते, आणि प्रत्येकासाठी ६४ मेगाबाइटचे पत्ते राखून ठेवले जातात. ३२ कोअरच्या सर्व्हरवर हे राखीव पत्तेच १६ गिगाबाइट होतात, प्रत्यक्ष मेमरी जेमतेम वापरली तरी. समजा आपल्या अहवालावर आभासी आकाराची १२ गिगाबाइट मर्यादा आहे. आठ कोअरच्या जुन्या यंत्रावर राखीव पत्ते ४ गिगाबाइट होत, आता सर्व्हर नवा आला आणि कोअर वाढले. कोडमध्ये एक ओळही न बदलता अहवाल पडू लागतो. ‘काहीच बदललेलं नाही’ असं टीम शपथेवर सांगते आणि ती खोटं बोलत नसते. ‘मॅलॉक-अरीना-मॅक्स’ हा आकडा दोन किंवा चारवर आणला तर हा फुगवटा उतरतो. पण त्याहून बरं म्हणजे आभासी आकारावरची मर्यादा काढून खऱ्या मेमरीवर सीग्रुपची घालणं.

सीग्रुप म्हणजे प्रोसेसच्या गटाचं कुंपण. लिनक्समध्ये ही सोय २००८च्या जानेवारीत आली आणि तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती २०१६ मध्ये. सिस्टमडी आणि कंटेनर दोन्ही तिच्यावरच उभे आहेत. गटाच्या फोल्डरमध्ये ‘मेमरी-करंट’ सध्याचा वापर सांगते, ‘मेमरी-मॅक्स’ कमाल मर्यादा, आणि ‘मेमरी-इव्हेंट्स’मध्ये आतापर्यंत किती वेळा कुंपणाला धडक बसली आणि किती जण मारले गेले याची मोजणी असते. ही शेवटची फाइल मला फार मोलाची वाटते, कारण कर्नेलचा लॉग वाहून गेला तरी गट चालू असेपर्यंत हिच्यात आकडा उरतो. गटाच्या हिशेबात फाइल वाचताना साठलेली पानंही धरली जातात, म्हणून वापर मर्यादेला टेकलेला दिसला तरी घाबरू नये. ती पानं कर्नेल गरजेला सोडून देतं. पण टेम्पएफएस म्हणजे मेमरीतल्या फाइल तशा सोडता येत नाहीत. एखादा प्रोग्रॅम ‘/डेव्ह/एसएचएम’मध्ये तात्पुरत्या फाइल लिहून पुसायला विसरत असेल, तर कुठल्याही प्रोसेसचा आकार न वाढता गट भरतो. जावाच्या जुन्या आवृत्त्यांना हे कुंपण दिसतच नसे. त्या अख्ख्या यंत्राची मेमरी पाहून तिचा चौथा हिस्सा आपला समजत. ६४ गिगाबाइटच्या यंत्रावर ४ गिगाबाइटच्या कंटेनरमध्ये बसून १६ गिगाबाइटच्या हीपची आखणी व्हायची आणि कंटेनर मारला जायचा. जावा १० मध्ये, आणि मागाहून ८च्या १९१व्या अपडेटमध्ये, ही खोड गेली.

कर्नेलचं वचन, प्रोसेसची स्वतःची मर्यादा आणि सीग्रुपचं कुंपण हे तीन नकार झाले. चौथा नकार पत्त्यांच्या विस्ताराचा. ३२ बिटच्या प्रोसेसला ४ गिगाबाइटपलीकडचा पत्ताच लिहिता येत नाही, आणि ३२ बिटच्या लिनक्सवर त्यातले साधारण ३ तिच्या वाट्याला येतात. आयबीएमच्या एआयएक्सवर ३२ बिटच्या प्रोसेसला मूळ सेटिंगमध्ये डेटासाठी २५६ मेगाबाइटचा एकच खंड मिळतो. जुन्या आर्थिक संस्थांत अशा प्रोसेस अजून भेटतात. तिथे यंत्रात टेराबाइट मेमरी घातली तरी उपयोग शून्य. ‘मॅक्स-डेटा’ वाढवावा लागतो, किंवा प्रोग्रॅम ६४ बिटमध्ये पुन्हा कंपाइल करावा लागतो.

या चौघांखेरीज काही नकार मेमरीचा वेष घेऊन येतात. नवा धागा तयार करता आला नाही तर जावा मेमरी संपल्याचीच तक्रार करते, पण खरी अडचण पुष्कळदा प्रोसेस आणि धाग्यांच्या संख्येवरच्या मर्यादेची असते. प्रोसेसने मेमरीचे वेगवेगळे नकाशे ६५,५३० पेक्षा जास्त केले तर तिलाही तोच बारा क्रमांक मिळतो, कारण नकाशांच्या संख्येची मूळ मर्यादा तेवढी आहे. इलॅस्टिकसर्च बसवताना तो आकडा वाढवायला सांगतात तो याचसाठी.

गप्प बसणाऱ्या मर्यादेबद्दल एक ब्रिटिश उदाहरण विसरता येत नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या दिवसांतले कोविडचे १५,८४१ रुग्ण इंग्लंडच्या रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. एक्सेलच्या जुन्या फाइल प्रकारात ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढचे रुग्ण गळून गेले. तिथे मेमरीचा प्रश्न नव्हता, पण मर्यादा होती आणि ती ओरडली नाही. मेमरी नाकारली गेल्यावर परत आलेलं उत्तर न तपासणारा, अर्धवट यादीवर पुढे चालत राहणारा प्रोग्रॅम त्याच जातीचा असतो. कोसळणारी प्रोसेस त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

मग मर्यादा किती ठेवावी? एडिंबरा विद्यापीठाच्या ईपीसीसीने चालवलेल्या आर्चर-२ या राष्ट्रीय महासंगणकावर हा प्रश्न प्रत्येक संशोधकाला रोज सोडवावा लागतो. तिथल्या साध्या नोडवर १२८ कोअर आणि २५६ गिगाबाइट मेमरी आहे. सगळे कोअर भरले तर एका प्रोसेसच्या वाट्याला दोन गिगाबाइट, तीही व्यवस्थेचा हिस्सा जायच्या आधी. गणिताला चार लागत असतील तर ६४च प्रोसेस चालवायच्या आणि निम्मे कोअर रिकामे ठेवायचे. हे उधळपट्टीचं दिसतं, पण बरोबर आहे, कारण रिकामा कोअर चालतो आणि अर्ध्यावर मेलेलं गणित चालत नाही. आपली गरज आधी मोजून सांगण्याची शिस्त अशा ठिकाणी टिकून आहे. साध्या सर्व्हरवर ती आपण गमावली.

मोजणी कठीण नाही. प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘व्हीएम-एचडब्ल्यूएम’ या ओळीत तिने आजवर गाठलेला निवासी आकाराचा उच्चांक असतो. तो रोजच्या दिवसाचा घेऊन थांबू नका. ब्रिटनचं करवर्ष ५ एप्रिलला संपतं, आणि तिथल्या पगाराच्या नि कराच्या प्रणालींवर खरा भार त्या आठवड्यात येतो. आपल्याकडचा ३१ मार्च त्याच्या पाचच दिवस आधी, म्हणजे दोन्ही देशांची कामं एका सर्व्हरवर असतील तर दोन शिखरं जवळजवळ चिकटतात. त्या शिखराचा उच्चांक घ्या आणि त्यावर थोडी मोकळीक ठेवा. उच्चांक दर फेरीला वाढतच जात असेल, सारख्याच भाराला कधीच स्थिरावत नसेल, तर ती गळती आहे. तिला मर्यादा वाढवून देणं म्हणजे दुखणं पुढच्या महिन्यावर ढकलणं. फेरी संपल्यावर आकार खाली येत नाही एवढ्यावरून मात्र गळती म्हणू नका. मोकळी झालेली मेमरी वाटपदार (ॲलोकेटर) स्वतःकडे ठेवून घेतो आणि पुढच्या फेरीत वापरतो.

तुमच्या सर्व्हरवरची सगळ्यांत महत्त्वाची प्रोसेस आज निवडा, तिच्या ‘लिमिट्स’ आणि ‘स्टेटस’ या दोन फाइल उघडा, आणि मर्यादेचा आकडा, उच्चांकाचा आकडा आणि ही मर्यादा कोणी, कधी, कशासाठी घातली, या तिन्ही गोष्टी युनिट फाइलमध्येच टिपणी म्हणून लिहून ठेवा. तुमच्या नंतर रात्री अडीच वाजता त्या यंत्रासमोर बसणाऱ्याला त्याची गरज पडणार आहे.